‘कान चुकतो’: हदीस आणि तफसीर शिकवणाऱ्या उलेमांना खुले पत्र

आदरणीय उलेमासाहेब,

अस्सलामु अलैकुम.

मी मदरशात शिकलेली नाही. कुराण लहानपणी नाझरा शिकले, म्हणजे अर्थ न कळता नुसतं वाचायला. अरबी पुढे तिशीनंतर स्वतःच्या धडपडीने आली तेवढीच. म्हणून या पत्रात कुठे चूक झाली असेल तर दाखवून द्या, मी ती उघडपणे मान्य करीन. फक्त ‘तुला यातलं काय कळतं’ एवढ्यावर हे पत्र मिटवून ठेवू नका. ते उत्तर मला अकराव्या वर्षीच मिळालं आहे.

तेव्हा नमाजच्या मसल्यांची, म्हणजे नियमांची, एक छोटी पुस्तिका आम्हा मुलींना दिली होती. कशाने वुजू (नमाजआधीचं हातपाय धुणं) तुटतो, कशाने नमाज तुटते, असं त्यात ओळीने लिहिलेलं. एका पानावर होतं, की नमाज पढणाऱ्यासमोरून गाढव, काळा कुत्रा किंवा बाई गेली तर नमाज तुटते. मी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली आणि शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांना विचारलं, “म्हणजे अम्मी समोरून गेली तरी?” ते रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “बेटा, तुला यातलं काय कळतं? ही सहीह हदीस आहे. सहीह हदीसवर शंका येणं हा सैतानाचा वसवसा असतो. तौबा कर.” हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि वागण्याची सांगत आलेली नोंद, आणि सहीह म्हणजे अस्सल मानलेली. मी तौबा केली. पण त्यानंतर कित्येक वर्षं अब्बा नमाजला उभे राहिले, की मी खोलीतून बाहेर पडताना त्यांच्या पाठीमागून, भिंतीला अंग घासत जायचे. आपण कुणाची तरी इबादत मोडू शकतो, हे माझ्या चालण्यात उतरलं होतं.

तिशी उलटल्यावर ‘सहीह मुस्लिम’ तर्जुम्यासह हाती आली. तीच हदीस शोधून काढली. ती पैगंबरांचे सोबती हजरत अबू जर यांच्याकडून आलेली आहे. त्यात त्यांना ऐकणारा माणूस विचारतो, “काळाच कुत्रा का? लाल किंवा पिवळा का नाही?” आणि अबू जर म्हणतात, “पुतण्या, तू मला विचारलंस तेच मी पैगंबरांना विचारलं होतं.” म्हणजे याच हदीसमध्ये एक जण प्रश्न विचारतो, आणि सांगणाराही म्हणतो की मीसुद्धा विचारला होता. दोघांपैकी कुणालाही तौबा करायला सांगितलेलं नाही.

मग पुढचं प्रकरण उघडलं. तिथे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा बोलतात. नमाज कशाने तुटते याची हीच यादी त्यांच्यासमोर कुणी तरी म्हटली, तेव्हा त्या म्हणाल्या, की तुम्ही आम्हाला गाढवांच्या आणि कुत्र्यांच्या रांगेत नेऊन बसवलंत! अल्लाहची शपथ, मी पलंगावर आडवी असायचे, पैगंबर आणि किब्ला (नमाजची दिशा) यांच्या मध्ये, आणि ते नमाज पढत असायचे. काही काम निघालं तर त्यांच्या नमाजमध्ये व्यत्यय नको म्हणून मी पलंगाच्या पायथ्याकडून हळूच सटकायचे.

मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून किती तरी वेळ बसून होते. माझा प्रश्न तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि विचारणारी बाई उम्मुल मोमिनीन, म्हणजे श्रद्धावंतांची आई, होती. अबू हनीफा, मालिक, शाफई यांच्यासह बहुसंख्य फकिहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, बाई समोरून गेल्याने नमाज तुटत नाही असाच निर्णय दिला, हेही पुढे वाचायला मिळालं. मला तौबा करायला सांगणाऱ्या मौलवीसाहेबांच्या कपाटात हे सगळं होतं. एक पान उलटायचं राहिलं, आणि त्या एका पानासाठी माझी वीस वर्षं गेली.

म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. कुराण आणि हदीसकडे शंकेच्या नजरेने पाहणं ही बाहेरून आलेली, शत्रूने पेरलेली गोष्ट आहे, असं तुम्ही आम्हाला सांगत आलात. ते खरं नाही. तुमच्या विद्येचा पायाच शंकेवर घातलेला आहे, आणि तो पाया तुम्ही आमच्यापासून झाकून ठेवता.

हदीसचे जुने जाणकार इब्न सीरीन यांचा इंतकाल ७२९ साली झाला. इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांचं म्हणणं दिलं आहे: आधी लोक सनद विचारत नसत, फितना झाला तेव्हापासून विचारू लागले, ‘तुमची माणसं कोण, नावं सांगा.’ सनदीची, म्हणजे हदीस एकाकडून दुसऱ्याकडे सांगणाऱ्या रावींच्या साखळीची सगळी विद्या अशी जन्माला आली. यादवी पेटली, प्रत्येक गट आपल्या बाजूने पैगंबरांचं नाव घेऊ लागला, आणि ऐकणाऱ्यांना कळून चुकलं की समोरच्याच्या शब्दावर विसंबता येणार नाही. त्याच प्रस्तावनेत यह्या बिन सईद अल-कत्तान म्हणतात, की नेक माणसं हदीसमध्ये जितकं खोटं बोलताना दिसली तितकी दुसऱ्या कशात दिसली नाहीत. इमाम मुस्लिम लगेच खुलासा करतात, की ते मुद्दाम खोटं बोलत नाहीत, खोटं त्यांच्या जिभेवर येऊन जातं. आज मी हेच वाक्य माझं म्हणून भर सभेत बोलले असते, तर मला मुनकिरे-हदीस, म्हणजे हदीस नाकारणारी, ठरवायला किती वेळ लागला असता?

खलिफा अल-महदीची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असेल. ती आमच्यासारख्यांसाठी इथे सांगते. महदीला कबुतरांचा नाद होता. गियास बिन इब्राहिम नावाचा हदीस सांगणारा दरबारात आला. बाण, उंट आणि घोडा यांखेरीज कशाचीही पैज लावू नये, अशी हदीस होती. गियासने शेवटी एक शब्द जोडला, ‘किंवा पंख’. महदीने त्याला बक्षीस दिलं, आणि तो पाठ फिरवून निघाला तेव्हा म्हणाला, की ही मान पैगंबरांच्या नावावर खोटं बोलणाऱ्याची आहे. मग त्याने ती सगळी कबुतरं कापून टाकायला लावली. या गोष्टीत मला नेहमी ती कबुतरं दिसतात. एका माणसाने राजाला खूश करायला एक शब्द घातला, आणि किंमत कुणी मोजली? तो शब्द पकडला गेला. जे पकडले गेले नाहीत त्यांची किंमतही कुणी तरी मोजत असणारच, आणि बऱ्याचदा बायकाच मोजतात.

नूह बिन अबी मरयमचं प्रकरण याहून वेगळं आहे. कुराणच्या एकेका सूरेचे, म्हणजे अध्यायाचे, फायदे सांगणाऱ्या हदीस त्याने रचल्या. का रचल्यास, असं विचारल्यावर तो म्हणाला, की लोक अबू हनीफांच्या फिक्हमध्ये आणि इब्न इस्हाकच्या लढायांच्या गोष्टींमध्ये रमले होते, कुराण विसरले होते, म्हणून सवाबच्या इराद्याने रचल्या. म्हणजे पुण्य मिळवायला खोटं! त्यामुळे रावी दीनदार होता, एवढ्यावर खात्री धरता येत नाही, असं तुमच्याच बुजुर्गांनी लिहून ठेवलं आहे.

पण खोटेपणा हा यातला सोपा भाग आहे. खरी अडचण खऱ्या माणसांची आहे, आणि त्यासाठी मला पुन्हा हजरत आयेशांकडेच जावं लागतं.

दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यावर खंजीराचा वार झाला तेव्हा सुहैब रडत आले, ‘हाय माझ्या भावा, हाय माझ्या सोबत्या’ असं म्हणत. जखमी उमर त्यांना म्हणाले, “सुहैब, माझ्यासाठी रडतोस? घरच्यांच्या रडण्याने मयताला अजाब (शिक्षा) होतो असं पैगंबर म्हणाले आहेत.” उमर गेल्यानंतर इब्न अब्बास यांनी हे आयेशांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अल्लाह उमरवर रहम करो. पैगंबर असं म्हणालेले नाहीत.” आणि पुढे म्हणाल्या, की तुम्हाला कुराण पुरेसं आहे: कुणीही दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. आणखी एका रिवायतीत, म्हणजे कथनात, उमर आणि त्यांचे पुत्र अब्दुल्लाह यांचं हे म्हणणं कानावर आल्यावर त्यांनी जे वाक्य उच्चारलं, ते माझ्या मते हदीसच्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहायला हवं. त्या म्हणाल्या, तुम्ही ज्यांच्याकडून मला हे सांगता ते खोटे नाहीत, त्यांच्यावर कुणी खोटेपणाचा आळही घेतलेला नाही. पण कान चुकतो.

कान चुकतो. यात उमर यांचा अपमान नाही, पुत्राचा नाही, पैगंबरांचा तर नाहीच. माणूस सच्चा असतो, ऐकतो अर्धं, आठवतं त्यातलं निम्मं, आणि सांगतो पूर्ण वाक्य. आयेशांनी रावी तपासलाच नाही, कारण रावीत खोट नव्हती. त्यांनी मजकूर तपासला, तुमच्या भाषेत मतन, आणि तो कुराणशी ताडून पाहिला. चौदाव्या शतकात जरकशी यांनी आयेशांच्या अशा दुरुस्त्या एका स्वतंत्र ग्रंथात गोळा केल्या. तो ग्रंथ तुमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी पाहिला आहे? हा प्रश्न मी टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

एकदा तुमच्यातल्याच एका विद्वानाला मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, तो हक्क होता, आपल्याला नाही. मग दारकुतनींचं काय? ९९५ साली वारलेल्या या मुहद्दिसाने, म्हणजे हदीसच्या जाणकाराने, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांतल्या कित्येक हदीसच्या सनदींवर नाव घेऊन बोट ठेवलं. त्यांना कुणी दीनबाहेर काढलं नाही. इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात, शेवटच्या काळात येणार मानल्या जाणाऱ्या महदीबद्दलच्या (तो खलिफा नव्हे) हदीसच्या सनदी एकेक करून उसवल्या. आपल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात त्यांनी लिहिलं, की मूसांच्या सैन्यात सहा लाख लढवय्ये होते असं इतिहासकार बेधडक लिहितात, पण एवढं सैन्य रणांगणात उभं तरी कसं राहणार, हा हिशेब कुणी करत नाही. सनद कितीही असो, गोष्ट घडण्यासारखी आहे का हे आधी पाहा, असं त्यांचं सांगणं होतं. हक्क सहाबींबरोबर संपला असता तर ही माणसं काय करत होती?

आता कुराणबद्दल. इथे माझा हात थरथरतो, हे कबूल करते. हदीसबद्दल लिहिताना असं होत नाही.

सूरे हुजुरातमध्ये आयत आहे: एखादा फासिक, म्हणजे दुराचारी माणूस, बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. आपण वाचतो ती किराअत, म्हणजे वाचनाची पद्धत, ‘फतबय्यनू’ आहे, म्हणजे नीट उलगडून पाहा. हमजा आणि किसाई या मान्य कारींनी, म्हणजे कुराणपठणाच्या जाणकारांनी, तोच शब्द ‘फतसब्बतू’ असा वाचला, म्हणजे घाई करू नका, पक्कं करून घ्या. सुरुवातीच्या लिपीत बहुतेक ठिकाणी नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, नव्हते. नुक्ते काढून टाकले तर हे दोन्ही शब्द कागदावर हुबेहूब एक दिसतात: एक वळण, चार दाते, शेवटी वाव आणि अलिफ. शहानिशा करा असं सांगणाराच शब्द, आणि तोच दोन तऱ्हांनी वाचला गेलेला! हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा वाटलं होतं की माझं ईमान हलेल. घडलं उलटंच. त्या चार दात्यांसमोर बसून, नुक्ते कुठे द्यावेत याचा विचार करणारी माणसं मला दिसायला लागली, आणि कुराण माझ्या किती तरी जवळ आलं.

वुजूच्या आयतीत तर एका जबर-जेरवर, म्हणजे स्वराच्या खुणेवर, अख्खी उम्मत दोन बाजूंना उभी आहे. ‘अर्जुलकुम’ वाचलं तर पाय धुवायचे, ‘अर्जुलिकुम’ वाचलं तर पायांवरून ओला हात फिरवायचा, असा अर्थ निघतो. सुन्नी धुतात, शिया मसह करतात, आणि दोन्ही वाचनं सात मान्य किराअतींमध्ये आहेत. इतकंच काय, हफ्स आणि शुअबा हे दोघे एकाच उस्तादाचे, आसिम यांचे, शागीर्द. हफ्स ‘अर्जुलकुम’ शिकवतात, शुअबा ‘अर्जुलिकुम’. एका उस्तादाकडून दोन शागीर्दांनी दोन जबानी नेल्या आणि दोन्ही मान्य झाल्या. सात किराअतींची ही मर्यादा इब्न मुजाहिद यांनी दहाव्या शतकात घालून दिली. आज जगात सर्वाधिक वाचली जाते ती हफ्सची रिवायत. १९२४ साली कैरोत छापलेल्या प्रतीने तिचा प्रसार आणखी वाढला. मोरोक्कोत आणि पश्चिम आफ्रिकेत आजही वर्श या दुसऱ्या कारींची रिवायत वाचतात. पण आम्हाला लहानपणी शिकवलं गेलं की जगातल्या कोणत्याही दोन प्रतींत एका जेर-जबरचाही फरक नाही. हे वाक्य शिकवणाऱ्यांना खरं ठाऊक होतं. मग मुलांना अर्धं का सांगायचं? मूल मोठं होतं, एक दिवस वर्शची प्रत पाहतं, आणि त्याला वाटतं की आपल्याला फसवलं. मग तो हफ्स-वर्शपुरता थांबत नाही. जे काही तुमच्याकडून ऐकलं त्या सगळ्यावरच त्याचा विश्वास उडतो.

बाहेरच्या अभ्यासकांनाही तुम्ही एका तराजूत तोलू नका. १९७७ साली वान्सब्रो यांनी मांडलं की कुराणला आजचं रूप यायला दोनेकशे वर्षं लागली असावीत. त्याच वर्षी क्रोन आणि कुक यांनी मुस्लिम साधनं बाजूला ठेवून इस्लामचा आरंभ नव्याने लिहायचा प्रयत्न केला. या मांडण्या कुणाच्या फतव्याने नाही, पुराव्याने मागे पडल्या. १९७२ साली येमेनमधल्या सना इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत जुनी चर्मपत्रं सापडली. त्यांतल्या एका प्रतीचा आधीचा मजकूर पुसून त्यावर नव्याने लिहिलेलं आहे, आणि चर्मपत्र सातव्या शतकाचं ठरलं. बर्मिंगहॅममधल्या दोन पानांचं चर्मपत्र कार्बन चाचणीत ५६८ ते ६४५ या काळातलं निघालं. तो निकाल २०१५ साली जाहीर झाला. तुमच्यातल्या पुष्कळांनी बर्मिंगहॅमच्या बातमीचे पेढे वाटल्यासारखा आनंद केला, आणि तो मलाही झाला. पण सनाच्या प्रतीत खालच्या पुसलेल्या मजकुरात आजच्या पाठापेक्षा वेगळे शब्द आहेत, सूरांचा क्रमही वेगळा आहे, हे मात्र मशिदीच्या मिंबरवरून मी कधी ऐकलं नाही. पुरावा आपल्या सोयीचा असेल तेव्हाच विज्ञान, ही सवय मोडायला हवी. तसं पाहिलं तर त्यात घाबरण्यासारखंही काही नाही. इब्न मसऊद आणि उबय्य बिन कअब या सहाबींच्या मुसहफांत, म्हणजे कुराणच्या प्रतींत, फरक होते, हजरत उस्मान यांनी एक पाठ ठरवून बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या, हे आपल्याच ग्रंथांत लिहिलेलं आहे. सनाची ती पुसलेली अक्षरं आपल्या रिवायतींना पुष्टीच देतात.

हदीसच्या बाबतीतही तेच. गोल्डझिहर यांनी १८९० च्या सुमारास आणि शाख्त यांनी १९५० साली म्हटलं, की बऱ्याच हदीस नंतरच्या वादांतून मागे, पैगंबरांपर्यंत नेऊन जोडलेल्या आहेत. मोत्स्की यांनी अब्दुर्रज्जाक यांच्या जुन्या संग्रहातल्या सनदी आणि मजकूर एकमेकांशी ताडून दाखवलं, की त्यातला बराच ऐवज पहिल्या हिजरी शतकापर्यंत मागे नेता येतो. एका शंकेखोराचं उत्तर दुसऱ्या शंकेखोराने कष्ट करून दिलं. ‘मुस्तशरिकीनचा कट’ (पाश्चात्त्य अभ्यासकांचा कट) एवढे दोन शब्द उच्चारून त्यातलं काहीच होत नाही.

मला जी वाचणारी बाई सगळ्यात जास्त आठवते ती मोरोक्कोची फातिमा मर्निसी. ‘जी कौम आपला कारभार बाईच्या हाती देते तिचं भलं होत नाही,’ ही हदीस तिने घेतली. बुखारींच्या ग्रंथातच आहे, की ती सांगणारे सहाबी अबू बक्रा यांना ती जमलच्या, म्हणजे आयेशा आणि खलिफा अली यांच्या सैन्यांतल्या, लढाईच्या वेळी, ६५६ साली उपयोगी पडली; ते आयेशांच्या बाजूने लढायला निघण्याच्या बेतात होते. ऐकल्यानंतर जवळपास पंचवीस वर्षांनी, आणि बरोबर त्या क्षणी जेव्हा एक बाई सैन्याच्या मध्ये उंटावर होती! आणखी एक गोष्ट मर्निसी पुढे ठेवते. याच अबू बक्रांना हजरत उमर यांनी खोट्या तोहमतीसाठी, म्हणजे व्यभिचाराच्या सिद्ध न झालेल्या आरोपासाठी, फटके मारले होते, आणि अशा माणसाची साक्ष कधीही मानू नका असं सूरे नूर सांगते. यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे: शहादत, म्हणजे साक्ष, वेगळी, रिवायत वेगळी. ते उत्तर पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण मग ते वर्गात द्या ना, मर्निसीचा आक्षेप पूर्ण मांडून द्या. ज्या हदीसने चौदाशे वर्षं बायकांना दाराआड ठेवलं, तिच्यावरचा आक्षेप ऐकण्याचा हक्क त्या बायकांना आहे.

हे लिहिताना मी स्वतःलाही सूट देत नाही. सूरे निसाच्या ३४ व्या आयतीतल्या ‘वज्रिबूहुन्न’चा अर्थ ‘त्यांच्यापासून दूर व्हा’ असा लावणारे नवे तर्जुमे आले, तेव्हा मी हरखून गेले होते. मग जुन्या तफसीरी, म्हणजे कुराणवरची भाष्यं, पाहिल्या. मला तो अर्थ पटला नाही; जुन्या मुफस्सिरांनी एकमुखाने ‘मारणं’ असाच अर्थ घेतला आणि मग त्यावर मर्यादा घालत गेले. मला हवा तो अर्थ शब्दाच्या तोंडात कोंबणं म्हणजे पुन्हा ‘किंवा पंख’ जोडणं. त्या आयतीशी माझं भांडण आहे आणि ते मी अल्लाहसमोर घेऊन बसते, पण तिचा अर्थ बदलून मी माझी सुटका करून घेणार नाही.

आणि बदल तुमच्या परंपरेत झालेच नाहीत असंही नाही. नस्ख, म्हणजे एका आयतीने दुसरीचा हुकूम रद्द होणं. जुन्या लेखकांनी रद्द आयतींची संख्या दोनशेच्या वर नेली होती. लढाईचा हुकूम देणाऱ्या ‘तलवारीच्या’ एका आयतीने शंभराहून अधिक आयती, त्याही सबुरीच्या आणि माफीच्या, रद्द झाल्या असं मानलं गेलं. सुयूती यांनी पंधराव्या शतकात ही संख्या विसेकवर आणली. अठराव्या शतकात शाह वलीउल्लाह यांनी एकेक आयत घेऊन तपासली आणि पाच ठेवल्या. दोनशेवरून पाच! कुराणचा एक शब्द बदलला नाही, वाचणारे बदलले, आणि माफीच्या आयती पुन्हा जिवंत झाल्या.

शंका घेणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे मी टाळू शकत नाही. १९८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये महमूद मुहम्मद ताहा या वृद्ध माणसाला फाशी दिली गेली. मक्केतल्या आयतींचा संदेश मूळचा आणि सगळ्या काळांसाठीचा आहे, असं ते शिकवत होते. १९९५ साली कैरोच्या न्यायालयाने नस्र हामिद अबू जैद या कुराणच्या अभ्यासकाला मुर्तद, म्हणजे धर्म सोडलेला, ठरवलं, आणि मुर्तदचा निकाह राहत नाही म्हणून त्यांचा आणि इब्तिहाल युनूस यांचा निकाहही मोडला. दोघांनी देश सोडला, पण एकमेकांना सोडलं नाही. मरायच्या वर्षी, २०१० साली, अबू जैद कैरोत परतले होते. अल-मअर्री हा अंध कवी १०५७ साली आपल्या गावी म्हातारपणाने मेला. सगळ्या धर्मांवर शंका घेणारी त्याची कविता तेव्हाच्या मुसलमानांनी सहन केली, जपली, उतरवून घेतली. २०१३ साली त्याच गावातल्या त्याच्या पुतळ्याचं डोकं उडवलं गेलं. अकराव्या शतकाने जे सोसलं ते एकविसाव्याला सोसवलं नाही.

बुद्धिवाद्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा तेही काही वेगळे वागले नाहीत. ८३३ साली खलिफा मामूनने ‘कुराण मखलूक (निर्माण केलेलं) आहे’ हे मुअतजिलांचं, म्हणजे बुद्धिवादी पंथाचं, मत उलेमांवर लादलं. इमाम अहमद बिन हंबल यांनी पाठीवर फटके झेलले पण ते मानलं नाही. मला मुअतजिलांचे पुष्कळ विचार पटतात. तरी त्या कोठडीत मी असते तर इमाम अहमद यांच्या शेजारी बसले असते.

हे पत्र आजच लिहायचं कारण माझी भाची आहे. चौदा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने मला फोनवरची एक चित्रफीत दाखवली. त्यात एक माणूस तीच हदीस वाचून दाखवत होता, गाढव, कुत्रा आणि बाई, आणि मोठमोठ्याने हसत होता. त्यानेही पुढचं पान वाचलं नव्हतं. मौलवीसाहेबांनी मला घाबरवायला जिथे पुस्तक मिटलं होतं, बरोबर तिथेच याने हिणवायला मिटलं. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्यासमोर ‘सहीह मुस्लिम’ उघडली आणि तिलाच मोठ्याने वाचायला लावलं. ‘पलंगाच्या पायथ्याकडून हळूच सटकायचे’ इथे आल्यावर तिला हसू फुटलं. मग तिचे प्रश्न सुरू झाले. हजरत आयेशांची गोष्ट पुस्तिकेत का नाही? अबू जर खोटं बोलले का? नाही, म्हटलं, कान चुकतो. की त्यांचा नाही, आयेशांचा चुकला? काही उलेमा म्हणतात की समोरून जाणं वेगळं आणि समोर पडून असणं वेगळं, मग? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नाही.

माझी तुमच्याकडून अपेक्षा फार नाही. जी हदीस शिकवाल तिच्या शेजारची, तिला छेद देणारी हदीसही त्याच दिवशी शिकवा. पुस्तिका छापाल तेव्हा मतभेद छापा. किराअतींचा फरक मुलांना तुमच्या तोंडून कळू द्या, दुसऱ्या कुणाच्या हसण्यातून नको. हदीस शिकवणाऱ्या बायका तयार करा; आयेशांकडून शिकायला सहाबी दारात येऊन बसत होते. आणि जिथे उत्तर नसेल तिथे इमाम मालिक यांच्यासारखं करा. त्यांना एकदा अठ्ठेचाळीस मसले विचारले गेले, आणि त्यांतल्या बत्तीस मसल्यांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं, अशी नोंद आहे. इब्राहिमांनी अल्लाहला म्हटलं होतं, मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव. अल्लाहने विचारलं, तुझा विश्वास नाही का? ते म्हणाले, आहे, पण माझं मन निवावं म्हणून. आणि पैगंबर म्हणाले, की इब्राहिमांपेक्षा शंकेचा हक्क आपल्याला जास्त आहे. ही हदीस बुखारींनी दिली आहे. तिचे अर्थ लावताना शारिहांनी, म्हणजे भाष्यकारांनी, खूप कष्ट घेतले आहेत, ते मी वाचले आहेत. तरी ती वाचली की मला धीर येतो.

भाचीचा तो शेवटचा प्रश्न, समोरून जाणं आणि समोर पडून असणं यांतला फरक, तिने वहीत लिहून ठेवला आहे. त्याखाली वुजूच्या आयतीतल्या पायांचाही आहे. येत्या जुम्म्याला नमाजनंतर मी तिला तुमच्यापैकी एकांकडे घेऊन येणार आहे. वही तिच्या हातात असेल. तिला बसायला जागा द्या, आणि ती वाचून दाखवील ते शेवटपर्यंत ऐका.

वस्सलाम,
आपली एक वाचक